चौल-नागोठण्याची रेघ



आज रायगड जिल्ह्याच्या नकाशावर एक रेघ शोधायची आहे. सरकारी नकाशात ती दाखवलेली नसते. पश्चिमेला अलिबागच्या खाली समुद्रकाठचे चौल, पूर्वेला अंबा नदीवरचे नागोठणे. या दोन गावांवरून बोट फिरवा, म्हणजे ती सापडेल. तिथे डोंगराची धार नाही, की कुठल्या जुन्या राज्याची शीव नाही. रेघेच्या दोन्ही बाजूंना तीच भाताची खाचरे, तीच भाषा, तेच देव. पण इंग्रजी अमदानीत मुंबईच्या उच्च न्यायालयाला ही रेघ महत्त्वाची वाटली होती. रेघेच्या उत्तरेला हिंदूंच्या वारसाहक्काचा एक ग्रंथ वरचढ, दक्षिणेला दुसरा, असे न्यायाधीशांनी ठरवले होते.

त्याने फरक काय पडे? समजा, पेणचा एक तरुण आहे आणि महाडचा एक तरुण आहे. दोघांची लग्ने व्हायची आहेत. दोघेही वाटण्या होऊन वेगळे झालेले, आणि दोघांच्या नावावर चार-चार एकर जमीन. पटकीच्या साथीत दोघेही दगावले. दोघांच्याही मागे आई आहे आणि बाप आहे. आता जमीन कुणाची? पेणच्या मुलाची जमीन बापाकडे जाई आणि महाडच्या मुलाची आईकडे, मग तिच्या हयातीपुरती का होईना. जिल्हा एक, धर्म एक, कदाचित जातही एकच. पण दोन घरांत दोन न्याय.

आमच्या वर्गात मुले पुष्कळदा धरून चालतात, की इंग्रज येण्यापूर्वी सगळ्या देशात मनूचा कायदा चालत असे आणि तो सगळीकडे सारखाच होता. पीनल कोडासारखे एक पुस्तक, आणि त्याप्रमाणे निवाडा. तसे कधीच नव्हते. स्मृतींनीच सांगून ठेवले आहे, की देशाचा आचार, जातीचा आचार आणि कुळाचा आचार राजाने पाहावा आणि मग न्याय द्यावा. स्मृती फार जुन्या आणि त्यांची वचने फार तोकडी. एखाद्या शब्दाचा अर्थ काय, दोन वचनांचा मेळ कसा घालायचा, हे टीकाकारांनी ठरवायचे. आणि टीकाकार होते वेगवेगळ्या प्रांतांत, वेगवेगळ्या शतकांत.

पेण-महाडचा फरक याज्ञवल्क्य स्मृतीतल्या एका शब्दातून निघाला. ज्याला मुलगा नाही त्याचे वारस कोण, हे सांगताना याज्ञवल्क्याने आधी पत्नी, मग मुली आणि मग 'पितरौ' असे म्हटले. पितरौ म्हणजे आईबाप, दोघे मिळून एकच शब्द. पण दोघांत आधी कोण?

या प्रश्नाला पहिले मोठे उत्तर दिले विज्ञानेश्वराने. हा चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या काळचा, म्हणजे इ. स. १०७६ ते ११२६ या अवधीतला. राजधानी कल्याणी, आपले ठाण्याजवळचे कल्याण नव्हे, कर्नाटकात बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. याज्ञवल्क्य स्मृतीवरच्या त्याच्या टीकेचे नाव मिताक्षरा. तो म्हणतो, आई आधी. 'पितरौ' हा शब्द फोडून सांगताना आई आधी येते, हे त्याचे एक कारण. ते व्याकरणाचे झाले. दुसरे कारण असे की बापाला दुसऱ्या बायकोची मुले असू शकतात, म्हणजे तो अनेकांत वाटलेला असतो. आई तेवढी आपल्या पोटच्या लेकरांचीच. म्हणून मुलाला ती अधिक जवळची. नऊशे वर्षांपूर्वीच्या या पंडिताने घरातली गोष्ट नीट पाहिली होती, असे हे वाचताना मला नेहमी वाटते.

यानंतर सुमारे पाचशे वर्षांनी, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, काशीला नीलकंठ भट्ट झाला. हे भट्टांचे घराणे मूळचे आपल्या पैठणचे. नीलकंठाचा आजा नारायण भट्ट हा काशीतला फार मोठा माणूस. विश्वेश्वराच्या देवळाची पुन्हा उभारणी त्याने करविली असे मानतात. 'निर्णयसिंधु' ज्याने १६१२ मध्ये पुरा केला तो कमलाकर भट्ट हा नीलकंठाचा चुलतभाऊ. एकेका घराण्यात विद्या कशी मुरते पाहा. यमुना आणि चंबळ यांच्या संगमाजवळ भगवंतदेव नावाचा एक राजा होता, त्याच्या आश्रयाने नीलकंठाने 'भगवंतभास्कर' हा बारा भागांचा ग्रंथ लिहिला. भास्कर म्हणजे सूर्य, म्हणून त्याचा प्रत्येक भाग म्हणजे एक मयूख, एक किरण. न्यायव्यवहाराचा जो भाग, तो व्यवहारमयूख. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी १९२६ साली या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती काढली. शाळेच्या ग्रंथसंग्रहात ती सापडली, तर शिक्षकबंधूंनी निदान प्रस्तावना तरी वाचावी.

नीलकंठाने विज्ञानेश्वराचे म्हणणे पुष्कळ ठिकाणी मानले, पण इथे मानले नाही. दुसऱ्या स्मृतीचा आधार घेऊन तो म्हणाला, बाप आधी. पण याच नीलकंठाने बहिणीला मात्र हात दिला. वारसांच्या यादीत पुढे 'गोत्रज' असा शब्द आहे, म्हणजे त्याच गोत्रात जन्मलेले. नीलकंठ म्हणतो, बहीणही भावाच्याच गोत्रात जन्मली ना? लग्नाने गोत्र बदलले तरी जन्म बदलत नाही. तेव्हा आजीच्या मागोमाग बहिणीचा नंबर. या अर्थाचा उपयोग पुढे मुंबई इलाख्यातल्या बहिणींना झाला. १८६१ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने आणि १८६४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने भावाच्या मिळकतीवर बहिणींचा वारसा मान्य केला. बनारसकडे मात्र बहीण वारसच नव्हती. तिला यादीत जागा मिळाली ती १९२९ च्या कायद्याने. म्हणजे ज्या शहरात बसून नीलकंठाने बहिणीची बाजू मांडली, त्या शहरातल्या बहिणीला तिचा लाभ होण्यास तीनशे वर्षे जावी लागली!

ग्रंथांचा प्रवास असाच उलटसुलट झाला. मिताक्षरा लिहिली गेली दक्षिणेत, पण ती बनारस, मिथिला, मद्रास अशी सगळीकडे पसरली. मयूख लिहिला काशीत, आणि तो वरचढ झाला गुजरातेत, मुंबई बेटात आणि उत्तर कोकणात. पुणे, नगर, खानदेशात दोन्ही ग्रंथांना मान; रत्नागिरीकडे मिताक्षराच पहिली. बंगालची तऱ्हा आणखी निराळी. तिथे जीमूतवाहनाचा दायभाग. आपल्याकडे मुलगा जन्मला की वडिलार्जित मिळकतीत त्याचा हिस्सा पडला. बंगालमध्ये बाप जिवंत आहे तोवर मुलाचा हक्क काही नाही. उलट, भाऊ एकत्र राहत असतानाही एखादा निपुत्रिक वारला, तर बंगालमध्ये त्याची विधवा त्याच्या हिश्शाची वारस होई. आपल्याकडे एकत्र कुटुंबातल्या अशा विधवेला १९३७ सालापर्यंत अन्नवस्त्रापलीकडे काही नव्हते. मलबारात तर मामाची मिळकत भाच्याकडे जाई.

असे फरक पूर्वीही असतीलच. पण ते पाण्यासारखे होते, वाहते. गावचा निवाडा गोतसभेने करायचा, शास्त्र्याला विचारायचे, आणि शास्त्रीही गावची चाल पाहून शास्त्र सांगे. या पाण्याचा बर्फ केला तो इंग्रजी न्यायालयांनी. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने बंगालमध्ये ठरवले, की वारसा, लग्न अशा बाबतींत हिंदूंना शास्त्र आणि मुसलमानांना कुराण लावावे. म्हणजे ग्रंथ पहिला. मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनचे धोरण थोडे वेगळे पडले. पेशवाई बुडाल्यावर त्याने स्टील नावाच्या अधिकाऱ्याला दख्खनमधल्या जातीजातींच्या चालीरीती गोळा करायला लावले. मग १८२७ चे चौथे रेग्युलेशन आले. त्यात क्रम असा होता: सरकारी कायदा नसेल तर त्या मुलखाची वहिवाट, ती नसेल तर प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय कायदा, आणि तोही नसेल तर न्याय, समबुद्धी व सदसद्विवेक. वहिवाट ग्रंथाच्या आधी आली. महाराष्ट्राचा हिंदू कायदा पुष्कळ बाबतीत इतर प्रांतांहून मोकळा राहिला, त्यात या क्रमाचा वाटा मोठा आहे असे माझे मत आहे. न्यायालयांच्या शास्त्र्यांनी दिलेली उत्तरे पुढे वेस्ट आणि ब्यूलर या दोघांनी एकत्र करून १८६७ पासून छापली. तोपर्यंत कोर्टातले शास्त्री-पंडित गेले होते. १८६४ मध्ये ती जागाच बंद झाली. आता न्यायाधीश स्वतः ग्रंथ वाचू लागला, बहुधा भाषांतरातून, आणि त्याने एकदा निकाल दिला की तो पुढच्या सगळ्यांना बांधू लागला. चौल-नागोठण्याची रेघ ती अशी. पंडितांच्या काळी ती बहुधा पुसट सावली असेल. निकालाच्या पुस्तकात ती शाईची झाली.

आता ज्या प्रश्नाने गावोगाव घरे पेटली, त्याकडे येतो. तो म्हणजे विधवेने दत्तक घेणे.

वसिष्ठाच्या नावावर एक वचन आहे. त्याचा मतलब एवढाच, की नवऱ्याच्या परवानगीवाचून स्त्रीने मुलगा दत्तक देऊ नये, घेऊ नये. वचन सगळ्या देशाला एकच. पण नवरा मेल्यावर काय? इथेच घोडे पेंड खाते. मिथिलेचे पंडित म्हणाले, परवानगी दत्तक घेतेवेळी हवी. नवरा तर नाही; तेव्हा विधवेला दत्तक नाहीच. बंगाल आणि बनारसचे म्हणाले, नवऱ्याने जिवंतपणी सांगून ठेवले असेल तर चालेल. मद्रासकडे म्हणाले, सांगून ठेवले नसेल तर नवऱ्याच्या सपिंडांनी, म्हणजे जवळच्या भाऊबंदांनी, संमती द्यावी. आणि महाराष्ट्रात व गुजरातेत अर्थ लावला तो असा, की परवानगीचे बंधन जिचा नवरा जिवंत आहे तिच्यासाठी. नवरा गेल्यावर बंधन कुठले? त्याने मुद्दाम मनाई केली नसेल, तर ती आपल्या मनाने दत्तक घेऊ शकते. नीलकंठाने विधवेला आपल्या वडिलांची अगर ज्ञातीची संमती घ्यायला सांगितली होती. आपल्या चालीने तीही अट फारशी ठेवली नाही.

एकाच वचनाचे हे चार अर्थ, आणि प्रत्येक अर्थाखाली लाखो बायका.

गंमत अशी, की १८६८ या एकाच वर्षी दोन मोठे निकाल आले. मुंबई उच्च न्यायालयात रखमाबाई विरुद्ध राधाबाई हा दावा चालला. डॉक्टर रखमाबाईंचा गाजलेला खटला तो नव्हे. तो यानंतर सोळा वर्षांनी उभा राहिला. या दाव्यात न्यायालयाने मान्य केले, की मराठी मुलखात विधवेला नवऱ्याच्या परवानगीवाचून आणि भाऊबंदांच्या संमतीवाचून दत्तक घेता येतो. त्याच वर्षी प्रिव्ही कौन्सिलपुढे तमिळ मुलखातल्या रामनदच्या जमीनदारीचा दावा निघाला. तिथे राणीने सपिंडांच्या संमतीने दत्तक घेतला होता, आणि हा दत्तक खोटा ठरवून जमीनदारी सरकारजमा करावी म्हणून मदुरेचा कलेक्टरच उभा होता. प्रिव्ही कौन्सिलने कलेक्टरला हरवले. आणि जाता जाता सांगितले, की हिंदू कायद्यात रूढीचा स्पष्ट पुरावा असेल तर तो लिखित वचनापेक्षा भारी. एल्फिन्स्टनने चाळीस वर्षांपूर्वी धरलेली वाट ती हीच.

विधवेच्या दत्तकाने आपल्याकडे दौलती हलल्या आहेत. १७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव पेशवे गेले, मागे मुलगा नाही. दुसऱ्या बाजीरावाला गादीपासून दूर ठेवण्यासाठी नाना फडणिसांनी १७९६ मध्ये विधवा यशोदाबाईंच्या मांडीवर बाजीरावाचा धाकटा भाऊ चिमाजी अप्पा याला दत्तक दिले. नात्याने तो मयत पेशव्याचा चुलता! चुलता मुलगा कसा होईल, यावर काहूर उठले, आणि काही महिन्यांतच बाजीराव गादीवर आला तेव्हा तो दत्तक रद्दच झाला. पुढे १८२७ च्या मार्चमध्ये दौलतराव शिंदे निपुत्रिक वारले. बायजाबाईंनी मागाहून मुलगा दत्तक घेतला. तोच जनकोजी शिंदे. इंग्रजांनी ते चालू दिले. मग १८५३ च्या डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघुजी भोसले गेले, त्यांनीही दत्तक घेतलेला नव्हता. जे ग्वाल्हेरला सव्वीस वर्षांपूर्वी चालले, ते आता डलहौसीने नागपूरला चालू दिले नाही. १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. झाशीचे प्रकरण याच्या शेजारी ठेवले जाते, पण कायद्याच्या दृष्टीने ते वेगळे आहे. तिथे गंगाधररावांनी स्वतः मरणाच्या आदल्या दिवशी दत्तक घेतला होता. तोही नाकारला गेला. डलहौसीचा पवित्रा असा होता, की दत्तकाला खाजगी मिळकत मिळेल, राज्य मिळणार नाही. तेव्हा विधवेचा हक्क हा काही तिथे खरा अडसर नव्हता. राज्यच हवे होते.

राजवाड्यांचे राहू द्या, आपण एखाद्या पाटलाच्या वाड्यात येऊ. एकत्र कुटुंब आहे. तीन भाऊ. मधला भाऊ पंचविशीत गेला, मूलबाळ नाही. त्याची बायको अठरा वर्षांची. तिचे केस गेले, कुंकू गेले, ती माजघराच्या कोपऱ्यात गेली. दोन वेळचे जेवण आणि वर्षाची दोन लुगडी, एवढा तिचा हक्क. तिच्या नवऱ्याचा तिसरा हिस्सा दिरांत मिसळून गेला. हे चित्र बनारसलाही असेच होते. पण इथल्या बाईच्या हाती एक गोष्ट होती. ती उद्या एखादा मुलगा मांडीवर घेऊ शकत होती. आणि तो घेतला की नवऱ्याचा हिस्सा पुन्हा जिवंत! कालची आश्रित आज दत्तक मुलाची आई आणि पालक. त्यामुळे वाड्यात तिला पुरते विसरणे कुणाला परवडत नसे. वहिनीचे काय म्हणणे आहे ते विचारा, असे दीर म्हणत असतील तर त्यामागे ही धास्तीही असे.

धास्ती होती म्हणून पळवाटाही निघाल्या. १८७९ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने ठरवले, की एकत्र कुटुंबातल्या विधवेला सासऱ्याची, नाहीतर दिरांची संमती लागेल. ज्यांचा हिस्सा कमी होणार त्यांचीच संमती! ही अट अर्धशतक छळत राहिली. अखेर १९३३ साली प्रिव्ही कौन्सिलने ती पुसली आणि विधवा पुन्हा मोकळी झाली.

पण मोकळेपणालाही दुसरी बाजू असते. दत्तक मुलगा हा बाप मेला त्या क्षणापासूनच होता, असे कायदा मानत असे. आता कल्पना करा, बाप १९०५ मध्ये मेला आणि दत्तक झाला १९३० मध्ये. मधल्या पंचवीस वर्षांत ती जमीन दुसऱ्याकडे गेली, त्याने विहीर खणली, मुलींची लग्ने केली, जमीन गहाण टाकली. आणि एके दिवशी दहा-बारा वर्षांचे एक पोर दारात उभे राहते, की हे सगळे माझे. ही नुसती कल्पना नव्हे. पाटीलकीच्या वतनाच्या एका दाव्यात मुलगा १९१७ मध्ये अविवाहित वारला होता. वतन भाऊबंदाकडे गेले होते. आईने १९३० साली दत्तक घेतला, आणि १९४३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने दत्तकाच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर मुंबई इलाख्यात असे जुने दत्तक आणि नवे दावे यांना ऊत आला. १९५४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने याला थोडा बांध घातला: मागे जाण्याची ही कल्पना मयत बापाच्या मिळकतीपुरती, भाऊबंदांच्या वारशाने ज्याला काही मिळाले असेल, त्याच्याकडून ते काढून घेता येणार नाही. विधवेचा हक्क न्याय्य होता यात मला शंका नाही. पण पंचवीस वर्षे कसलेल्या शेतातून उठणाऱ्या माणसाचाही काही न्याय असतो, आणि जुन्या कायद्याने तो पाहिला नव्हता.

या सगळ्यात एक तत्त्व फार मजेचे आहे. हे प्रांतिक कायदे जमिनीला चिकटलेले नव्हते, घराण्याला चिकटलेले होते. रत्नागिरीचे घराणे जबलपूरला जाऊन राहिले, तर ते आपली भाषा, आपले कुलदैवत आणि आपला वारसाहक्क बरोबर घेऊन गेले असे न्यायालय धरून चाले. त्यांनी तिथली चाल स्वीकारली असे कुणाला म्हणायचे असेल, तर त्याने ते सिद्ध करावे. महाराष्ट्रातून मध्यप्रांतात गेलेल्या एका ब्राह्मण घराण्याच्या खटल्यात १९२० साली प्रिव्ही कौन्सिलने हेच तत्त्व लावले. आणि आपल्याकडची चाल घेऊन जाणे फायद्याचेही होते. बापाची मिळकत मुलीकडे आली, तर मुंबई इलाख्यात ती तिची पुरी मालकी होई. इतरत्र बहुतेक ठिकाणी तिच्या हयातीपुरतीच. परमुलखात गेलेल्या मराठी घराण्यातल्या लेकीला आजोळच्या लुगड्याइतकाच हा हक्कही उपयोगी पडला असेल.

१९५६ साली संसदेने हे सारे ग्रंथ बाजूला ठेवले. १७ जून १९५६ पासून हिंदू वारसा कायदा आणि २१ डिसेंबर १९५६ पासून दत्तक व पोटगीचा कायदा लागू झाला. मिताक्षरा, मयूख, दायभाग यांतले वारसांचे क्रम गेले आणि एकच यादी आली. त्या यादीत काय झाले ते पाहण्यासारखे आहे. आई पहिल्या वर्गात बसली आणि बाप दुसऱ्या वर्गात. म्हणजे पेणच्या त्या तरुणाची जमीनही आता आईकडे. विज्ञानेश्वराचे म्हणणे साडेआठशे वर्षांनी चौल-नागोठण्याच्या रेघेपलीकडे गेले, बंगालमध्येही गेले. दत्तकाचे असेच. नवऱ्याच्या परवानगीवाचून विधवा दत्तक घेऊ शकते, ही महाराष्ट्राची चाल आता मिथिलेच्या विधवेलाही लागू झाली. फक्त एक पाचर मारली, की दत्तक घेण्यापूर्वी जी मिळकत दुसऱ्याची झाली ती त्याच्याकडून निघणार नाही. विहीर खणलेला माणूस सुटला.

मात्र रेघा पुरत्या पुसल्या गेल्या असे कुणी समजू नये. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाला जन्मतः हिस्सा आणि मुलीला नाही, ही मिताक्षराची गोष्ट १९५६ नंतरही राहिली. ती राज्यांनी आपापल्या वेळी बदलली. केरळने १९७६ मध्ये एकत्र कुटुंबाची ही पद्धतच मोडून टाकली. आंध्राने १९८६ मध्ये, तमिळनाडूने १९८९ मध्ये मुलींना हिस्सा दिला. महाराष्ट्राने व कर्नाटकाने तो १९९४ मध्ये दिला, पण आधी लग्न होऊन गेलेल्या मुलींना वगळून. म्हणजे एकाच बापाच्या दोन मुलींत १९९३ ला लग्न झालेलीला हिस्सा नाही आणि १९९५ ला झालेलीला आहे! २००५ साली संसदेने सगळ्या देशासाठी मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, तेव्हा हा लग्नाच्या तारखेचा भेद गेला.

आणि सावंतवाडीच्या खाली तेरेखोल ओलांडली, की आजही वेगळा मुलूख लागतो. गोव्यात पोर्तुगिजांनी १८६७ ची आपली दिवाणी संहिता आणली. १९६१ साली गोवा मुक्त झाला तरी १९६२ च्या कायद्याने ती चालू राहिली. वारशाचे नियम गोव्याच्या विधिमंडळाने नव्या कायद्यात घातले, आणि तो २०१६ पासून लागू आहे. पण गाभा तोच राहिला. नवरा-बायकोने लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर मिळकत दोघांची निम्मी-निम्मी, आणि मुलांना डावलून अर्ध्याहून अधिक मिळकत मृत्युपत्राने कुणाला देता येत नाही. ज्याचा मुलगा मुंबईत नोकरीला आणि घर पेडण्याला, त्याच्या मुंबईच्या खोलीला कुठला कायदा? २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की गोव्याचा रहिवासी असेल तर त्याच्या भारतातल्या गोव्याबाहेरच्या मिळकतीलाही गोव्याचाच. जबलपूरला गेलेल्या मराठी घराण्याची आठवण व्हावी असाच हा निकाल आहे.

जुने ग्रंथ १९५६ साली कपाटात गेले खरे, पण कपाटाला कुलूप नाही. वारसा उघडतो तो मृत्यूच्या दिवशी, आणि त्या दिवशी जो कायदा असेल तोच लागतो. कोकणातल्या कितीतरी सातबाऱ्यांवर आज ज्यांची नावे आहेत, त्यांचे पणजोबा १९५६ पूर्वीच गेलेले आहेत आणि वारसनोंदी तशाच लोंबकळत पडल्या आहेत. असा एखादा कज्जा घेऊन गावचा माणूस तालुक्याच्या वकिलाकडे जातो, तेव्हा कागद उलगडण्याआधी जाणता वकील दोनच गोष्टी विचारतो. पणजोबा कोणत्या साली वारले? आणि घराणे मूळचे कुठले, रेघेच्या अलीकडचे की पलीकडचे?